लग्नाआधीची रेघ

मला किळस पटकन येते. ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल, दुसऱ्याने उष्टावलेला पेला, चहावर धरलेली साय, एवढंही पुरतं. घरचे म्हणतात, हिचं नाकच वाकडं. असेल. पण बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या त्या ऑफिसात काम केलं त्या वर्षी मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही, आणि ती सायीची नाही.

ऑफिस कंटेनर यार्डाला लागून, पहिल्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर ट्रेलर पुढेमागे होत, धूळ खिडकीच्या फटींतून आत येई. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिंका, आणि त्यांच्यावर 'स्वच्छता राखा'ची पाटी. मीटिंगच्या खोलीत मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारत. तो वास डिझेलच्या धुरात मिसळला की पोटातलं वर यायचं. त्याच खोलीत भिंतीवर फ्लेमिंगोंचे मोठमोठे फोटो लावले होते. यार्डासाठी जी खाडी भरावाने बुजवली, त्याच खाडीतले हे पक्षी. मारलेल्या माणसाचा फोटो मारणाऱ्याने हार घालून लावावा, तसं ते मला वाटायचं. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, बाई, इथलं काम आटप आणि नेरूळला घरी पळ.

माझं काम डेटाबेस जोडण्याचं. कंपनीकडे तीन डेटाबेस होते आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद. पहिल्यात यार्डासाठी ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची माहिती. दुसऱ्यात गेटवर पास दाखवून आत येणारे कंत्राटी कामगार. तिसऱ्यात कायम नोकरीसाठी आलेले अर्ज, कारण जमीन गेलेल्या घरातल्या एकाला कायम नोकरी द्यायची, असा कंपनीचा करार होता. एकच माणूस पहिल्यात वारस, दुसऱ्यात पासधारक, तिसऱ्यात उमेदवार. तीन ठिकाणी तीन क्रमांक, तीन तऱ्हांनी लिहिलेलं नाव. 'जमीन गेलेल्यांच्या घरातले कितीजण आपल्याकडे आधीच कंत्राटावर राबतात?' हा साधा प्रश्न. पण तो विचारला की आठवडाभर लोक एक्सेलच्या फाइली एकमेकांना पाठवत बसत, आणि शेवटी तीन वेगवेगळी उत्तरं येत.

मी जे करते ते ऐकायला अवघड, पण आपल्याकडे ते प्रत्येक म्हातारीला येतं. गावात नवी पोर दिसली की म्हातारी तिचा आधार क्रमांक विचारत नाही. ती विचारते, 'कुणाची गं तू?' मग अमक्याची नात, तमक्याच्या घरात दिलेली, तिची मावशी आपल्या आळीत, अशा धाग्यांनी ती पोर मनात पक्की बसते. मीही तेच करते. डेटाबेस असतील तिथे राहू देते आणि त्यांच्यावर अर्थाचं एक जाळं अंथरते. माणूस म्हणजे एक ठिपका, जमीन एक ठिपका, गाव एक ठिपका, आणि त्यांच्यामध्ये रेघा. प्रत्येक रेघेला नाव असतं: 'ची मुलगी', 'ची जमीन', 'इथे काम करते'. मग प्रश्न विचारायला कोष्टकं एकमेकांना टाचावी लागत नाहीत. रेघेवरून चालत गेलं की उत्तर येतं. या विषयातले लोक त्याला सिमँटिक ग्राफ म्हणतात. साहेब त्याला 'ते कोळ्याचं जाळं' म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

साहेब म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. गुळगुळीत माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय, आणि हात कायम ओलसर. त्यावर अधिक लिहवत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायची. डेटा एंट्री करायची, कंत्राटदारामार्फत, कित्येक वर्षं. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या अलीकडचं. पहिल्या आठवड्यात तिने मला घरची सुकटीची चटणी दिली आणि मी ती खाल्ली, दुसऱ्याच्या डब्यातली. यावरून ती मला किती आवडली ते घरच्यांना कळलं. तिच्या वडिलांची भातशेती या यार्डाखाली गेली होती. ती कधीकधी खिडकीतून बोट दाखवायची, 'त्या निळ्या डब्यांच्या खाली आमचा बांध होता.' निळे डबे म्हणजे कंटेनर. वडील वारले, भाऊ नाही, दोघी बहिणीच. थोरली मोरा बंदराकडे दिलेली, कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये कामाला. त्या घरात कुणालाच कायम नोकरी मिळाली नव्हती. हिने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं: 'वारस म्हणून नोंद आढळत नाही.'

नोंद आढळणार कशी? लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव कोरलं, त्या दिवसापासून ती वेगळीच बाई झाली. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही जातं. तिचं माहेरचं नाव एका नदीचं होतं, सासरचं एका देवीचं. जमिनीच्या डेटाबेसमध्ये नदी होती, गेटच्या डेटाबेसमध्ये देवी. दोघींमध्ये एका अक्षराचंही साम्य नाही. नावं जुळवणारी कुठलीही यंत्रणा तिथे हात टेकणार.

'तुमच्याकडे कागद नाही का, दोन्ही नावं असलेला?' मी तिला विचारलं होतं.

'लग्नाची नोंद कुनी केली तवा? तांदलात लिवलेला नाव, मॅडम. दुसऱ्या दिशी सासूनं ते तांदूल रांधले. खाल्ला आमी.' ती हसली. मला हसू आलं नाही.

मात्र जमिनीच्या डेटाबेसमध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना होता. जुन्या कारकुनांनी त्यात वाटेल ते टाइप करून ठेवलं होतं. मुलींच्या पुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द: 'दिली.' शेजारच्या गावी दिली, मोऱ्याला दिली, पनवेलकडे दिली, आणि पुढे सासरचं पूर्ण नाव. हुंडा-भांडी दिली, तशी मुलगी दिली. वाचताना अंगावर काटा यायचा, पण मला हवं ते नेमकं त्यात होतं. त्या शेऱ्यांवरून मी जाळ्यात नवी रेघ आणली आणि तिला नाव दिलं, 'लग्नाआधीचं नाव'. देवीच्या ठिपक्यापासून नदीच्या ठिपक्यापर्यंत, तिथून बापापर्यंत, बापापासून निळ्या डब्यांखालच्या त्या भातशेतीपर्यंत.

मग साहेबांना दाखवायचा दिवस आला. मुख्य कचेरीतून दोघे आले होते. समोसे होते, सॉसच्या प्लास्टिकच्या पुड्या होत्या, आणि त्या पुड्या दाताने फाडणारी मोठी माणसं होती. प्रोजेक्टर माझी शेजारीण चालवत होती. साहेबांना चेव आला. 'मॅडम, लाइव्ह विचारू का काही? जमीन गेलेल्यांचे वारस जे ऑलरेडी आपल्याकडे कंत्राटावर आहेत, दाखवा.'

मी प्रश्न टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर ठिपके उमटले. साहेबांनी टाळी वाजवली. आणि मधोमध तिचा ठिपका होता, तिची दोन्ही नावं, आणि बापाकडे जाणारी रेघ.

ती प्रोजेक्टरजवळ उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि साऱ्यांसमोर म्हणाली, 'ह्या माजा नाव हाय. लग्नाआदीचा.' जरा थांबून, 'नि तो माजा बापूस.' मुख्य कचेरीतल्या एकाने सॉसची पुडी खाली ठेवली, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

पण साहेब एव्हाना ठिपके मोजत होते. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. पडद्यावर निम्म्याहून जास्त मुली होत्या, सगळ्या 'दिलेल्या'. नोंद आढळत नाही म्हणून वर्षानुवर्षं ज्यांना परत पाठवलं, त्या सगळ्या एका प्रश्नाने बापाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा विटलेल्या दुधासारखा झाला. 'छान, छान,' ते म्हणाले, 'प्रोजेक्टर बंद करा.'

दोन दिवसांनी मेल आली. 'लग्नाआधीचं नाव' हा संबंध कामाच्या व्याप्तीत नाही, तो काढून टाकावा. 'शेरा' रकाना कचरा आहे, तोही साफ करावा. जाळं 'क्लीन' ठेवावं. क्लीन! जिन्यातल्या पिंका आधी धुवा म्हणावं. खाली आणखी एक ओळ होती, कंपनीच्या धोरणात फक्त अविवाहित मुलगी वारस धरली जाते, याची सर्वांनी नोंद घ्यावी. म्हणजे लग्न झालं की जमीन बापाची नव्हतीच, बापही तिचा नव्हता.

मी उलट मेल लिहिली. संबंध काढला तर जाळ्याला कुणाचं लग्न झालंय ते कळणार नाही, कारण वैवाहिक स्थितीचा रकाना तुमच्याच लोकांनी कोरा ठेवलाय. ही माहिती फक्त त्या शेऱ्यांतून येते. पात्र वारसांना नोकरीची पत्रं पाठवणारा तुमचा प्रोग्रॅम पुढच्या महिन्यापासून या जाळ्यावर चालणार आहे, आणि कोरं म्हणजे अविवाहित असं तो धरतो. परिणामांचा विचार करावा. हे सगळं तिसऱ्या परिच्छेदात होतं, आणि साहेब दुसऱ्याच्या पलीकडे वाचत नाहीत हे मला ठाऊक होतं. उत्तर आलं, 'प्लीज डू द नीडफुल.'

मी नीडफुल केलं. शेजारी ती बघत होती. रेघ गेली, तसा तिचा ठिपका पडद्यावर एकटा राहिला. देवीच्या नावाची एक कंत्राटी बाई, ना बाप, ना जमीन, ना गाव.

'पुसला?' तिने विचारलं.

'हो.'

'बरा,' ती म्हणाली आणि आपल्या कीबोर्डकडे वळली. दिवसभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढे जे झालं ते साहेबांच्या बुद्धीला साजेसंच झालं. महिन्याच्या सुरुवातीला प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणे चालला. त्याने जाळ्याला विचारलं, अविवाहित मुली कोण? आता जाळ्याच्या लेखी कुणाचंच लग्न झालेलं नव्हतं. तालुक्यातल्या साऱ्या लेकी पुन्हा कुमारिका झाल्या होत्या. प्रोग्रॅमने प्रत्येकीच्या माहेरच्या पत्त्यावर, लग्नाआधीच्या नावाने, साहेबांच्या छापील सहीचं पत्र पाठवलं: आपण कायम नोकरीस पात्र आहात, शाळेचा दाखला घेऊन हजर राहावे. केरात फेकलेलं नाव पोस्टमन घरोघर वाटत फिरला.

माझ्या शेजारणीच्या माहेरी आई एकटीच असायची. आईचा फोन आला तेव्हा शेजारीण जेवत होती. अर्धा डबा टाकून ती रिक्षाने तिकडे गेली, पत्र आणि शाळेचा दाखला घेऊन तासाभरात परत आली. मनुष्यबळ विभागात एक माणूस बसायचा, ज्याचं जगाबद्दल काहीच म्हणणं नसायचं. त्याने पत्र बघितलं, दाखला बघितला, दोन्हींवर नदीचं नाव. तिचं तोंड रोजचं ओळखीचं. 'तूच ना ही?' 'मीच.' झालं. त्याने रुजू करून घेतलं. नेमका त्या वेळी कंपनीच्या मासिकाचा फोटोग्राफर तिथे होता, त्याने फ्लेमिंगोंच्या भिंतीपाशी उभं करून तिचा फोटोही काढला. संध्याकाळपर्यंत तो मुख्य कचेरीत पोचला.

आईने दुसरंही पत्र फोनवर वाचून दाखवलं होतं. ते थोरल्या बहिणीचं. पण तिला शेडमधून सुट्टी मिळेना, दाखला पेटीत तळाशी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

तोवर साहेब जागे झाले होते. बैल गेला आणि झोपा केला. मला केबिनमध्ये बोलावलं. 'मॅडम, ही लेटर्स कुणाकुणाला गेलीत? त्यातल्या मॅरिड कोण, लगेच काढा.'

'जाळ्याला आता कळत नाही, सर. त्यासाठी ती रेघ लागेल.'

'कुठली रेघ?'

'तुम्ही काढायला लावलेली.'

त्यांनी आपलीच मेल उघडून वाचली. मग म्हणाले, 'टाका परत. अर्जंट.' आणि उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन मी तो ड्रेस गरम पाण्यात भिजवला.

काढलेल्या रेघांची प्रत मी बाजूला ठेवली होती, त्यावरून त्या परत घातल्या. आणि तेव्हा मला खरी किळस आली. लेकींना बापापर्यंत पोचवायला म्हणून मी जी वाट तयार केली, तिच्यावरून साहेब उलटे चालत गेले आणि त्याच लेकींना एकेक करून बाहेर काढलं. प्रश्न तोच, 'लग्न झालेल्या मुली कोण?' उत्तरही तितकंच झटपट. आम्ही सेमिनारमध्ये अभिमानाने सांगतो की आता प्रश्न विचारणं इतकं सोपं झालंय की कुणालाही विचारता येतो. तो कुणीही कोण असेल ते आम्ही सांगत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांना निरोप गेले, तांत्रिक चुकीमुळे आपले पत्र रद्द समजावे.

थोरली बहीण काउंटरवर उभी होती, तिच्यासमोरच यादी आली. मनुष्यबळवाल्याने यादीवरून बोट फिरवलं. 'तुम्ही विवाहित. शिवाय हे पत्र ज्या नावाचं आहे ते तुमचं नाव नाही. आधार कार्डावर बघा, वेगळंय. ही मुलगी तुम्हीच, याला पुरावा काय?'

'माजी भैन हाय ना तुमच्याकडं, कालच लावली. तिला इचारा.'

'तसं चालत नाही.'

बहीण परत गेली. माझी शेजारीण तेवढी राहिली, कारण तिचा फोटो मुख्य कचेरीत पोचला होता आणि तिला काढलं असतं तर साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं असतं. मासिकात तिच्या फोटोखाली छापलं, 'तंत्रज्ञानाने शोधली हरवलेली लेक.' तो अंक निघाला त्या दिवशी ऑफिसात छोटा समारंभ झाला, तिथे मला सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला. फुलं आतून सडलेली होती. हे अलंकारिक लिहीत नाही, खरोखर सडली होती, पाणी गळत होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. पण आठवड्याने विधी विभागातून एक टिपण आलं. एका घरातून एकच नोकरी, तेव्हा रुजू झालेल्या उमेदवाराच्या अन्य वारसांचं हक्कसोड पत्र घ्यावं, नाहीतर नेमणूक कायम होणार नाही.

हक्कसोड पत्र आपल्या बायकांना नवं नाही. बाप गेला की भाऊ बहिणींना जेवायला बोलावतात, साडी देतात, आणि जेवणानंतर सह्या घेतात. इथे भाऊ नव्हता, म्हणून बहिणीसाठी बहिणीला बोलावलं.

ती आली. कोळंबीच्या काट्यांनी बोटं चिरलेली, अंगाला बर्फाचा आणि मासळीचा वास. माझं वाकडं नाक, पण मला त्या वासाचं काही वाटलं नाही. धाकटी तिच्या शेजारी मान खाली घालून उभी. मनुष्यबळवाल्याने कागद पुढे केला.

'इथे सही करा. माहेरच्या नावाने.'

'माहेरच्या?' थोरलीने विचारलं. 'तवा तर तुमी बोल्ला, ती मी नाय.'

'हो, पण हक्क सोडायचाय ना, मग वारस म्हणूनच सही लागणार.'

'पुरावा नको?'

'नको नको. त्याची काही गरज नाही.'

मी तिथेच उभी होते, सिस्टीममध्ये नोंद घ्यायला बोलावलेली. मागायला आली तेव्हा ती कुणाची कुणी नव्हती. सोडायला आली तशी एका मिनिटात बापाची लेक झाली. ना आधार कार्ड, ना दाखला. मला त्या काउंटरवर, त्या माणसावर, त्या मोगऱ्याच्या फवाऱ्यावर ओकारी येईल असं वाटलं. मी म्हटलं, 'हे तुम्हाला दिसत नाही का?' तो म्हणाला, 'मॅडम, फॉरमॅटच तसा आहे.'

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. 'तुजी नोकरी जाल का, मी नाय केली तर?'

धाकटीने होय म्हणून मान हलवली.

तिने पेन घेतलं. पहिल्या अक्षरापाशीच थांबली. लग्नानंतर तिने ते नाव कधी लिहिलंच नव्हतं, हाताला आठवत नव्हतं. मग एकेक अक्षर, शाळेतल्या पोरीसारखं, ओठ हलवत तिने लिहिलं. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव. लिहून झाल्यावर कागद जरा लांब धरून ती बघत राहिली.

'चांगला दिसतंय,' ती म्हणाली. 'याची एक झेरॉक्स मना भेटंल का?'

मनुष्यबळवाला म्हणाला, 'झेरॉक्स उमेदवाराला मिळते. तुमचा आता काही संबंध नाही.'